ब्रिस्बेनला एकच दिवस असेल तर तो नदीला द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीतला ऑस्ट्रेलिया सहलीचा लेख वाचला. म्हणजे मी वाचायच्या आधीच सासूबाईंनी त्याचा फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, 'आपण अस्संच करूया गं'. त्यांचं तिकीट मे महिन्याचं आहे. लेखात ब्रिस्बेनच्या वाट्याला आलाय एक दिवस, आणि त्या एका दिवसात काय काय, तर सकाळी एअरपोर्टवर उतरा, कोआला बघा, जेवा, बसमधून सिटी टूर करा, डोंगरावर जाऊन फोटो काढा आणि संध्याकाळी गोल्ड कोस्टला मुक्कामाला पोचा. नदीचा उल्लेख एकदाच, तोही 'नदीकाठी वसलेले टुमदार शहर' असा. अहो संपादक साहेब, हे २०३२ च्या ऑलिम्पिकचं शहर आहे, टुमदार काय!

मी मूळची सांगलीची, बरीच वर्षं इथे राहतेय. एका दिवसात ब्रिस्बेन नीट बघता येतं, पण लेखात दिलंय तसं नाही, आणि ते का नाही एवढं सांगायला हे पत्र. थोडं लांबलंय, कात्री लावायची तिथे लावा.

पहिली गोष्ट नकाशा. नकाशावर ब्रिस्बेन बघितलं तर सगळं जवळजवळ वाटतं, आणि आहेही जवळ, पण मधे नदी आहे. ही नदी शहरातून जिलबीसारखी वळत जाते, त्यामुळे समोर दिसणारी जागा पलीकडच्या काठावर असते आणि गाडीने जायचं तर पूल शोधत, सिग्नल खात, पार्किंगला पैसे मोजत जावं लागतं. टूरची बस हेच करते. दिवसातला अर्धा वेळ रस्त्यात, आणि आईबाबा मागच्या सीटवर डुलक्या काढतायत. त्यापेक्षा नदीवरूनच फिरायचं. इथे सिटीकॅट म्हणून फेरी बोटी आहेत, १९९६ पासून चालतात, एका टोकाला क्वीन्सलंड युनिव्हर्सिटी, दुसऱ्या टोकाला नॉर्थशोर हॅमिल्टन, मधे दोन्ही काठांवर धक्के. या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण सव्वा तास लागतो. दिवसा पंधरावीस मिनिटांनी एक तरी येतेच, आत बसायला जागा, बाहेर पुढच्या डेकवर उभं राहायला जागा, वॉशरूमसुद्धा आहे, ज्यांच्या घरात डायबेटिसवाली माणसं आहेत त्यांना हे किती महत्त्वाचं ते कळेल.

आणि भाडं? पन्नास सेंट. आपले तीसएक रुपये. ऑगस्ट २०२४ मधे क्वीन्सलंड सरकारने बस, ट्रेन, फेरी, ट्राम सगळ्याचं तिकीट सरसकट पन्नास सेंट केलं, आधी सहा महिन्यांची ट्रायल म्हणाले, मग निवडणूक झाली, सरकार बदललं तरी ते कायम राहिलं. गो कार्ड घ्यायचं, चढताना टॅप, उतरताना टॅप, उतरताना विसरायचं नाही. याला एकच अपवाद, एअरपोर्टवरून येणारी एअरट्रेन, ती खाजगी आहे, तिला वेगळं आणि बरंच जास्त तिकीट. तुमच्या लेखात यातलं अक्षर नाही. आमच्या ओळखीच्या एका काकाकाकूंना एका टूरवाल्याने 'रिव्हर क्रूझ' म्हणून एवढे डॉलर लावले की त्या पैशात त्यांनी महिनाभर सिटीकॅटमधून येरझाऱ्या घातल्या असत्या, आणि क्रूझ गेली कुठून तर त्याच पुलाखालून. त्यात चहा दिला म्हणे. असो.

दुसरी गोष्ट ऊन आणि घड्याळ. क्वीन्सलंडमधे घड्याळं पुढेमागे करत नाहीत, भारताच्या बाराही महिने साडेचार तास पुढे. त्यामुळे डिसेंबरमधे पावणेपाचला सूर्य उगवलेला असतो आणि पावणेसातच्या आत मावळतो, तर जूनमधे संध्याकाळी पाचलाच अंधारायला लागतं. लोक पहाटे पाचला नदीकाठी पळताना, सायकली हाणताना दिसतात, कॉफीची दुकानं सहाला उघडी आणि दुपारी दोन-तीनला खुर्च्या उलट्या. आपली माणसं काय करतात तर आरामात उठून, आंघोळी, पूजा, पोहे करून साडेदहाला बाहेर पडतात, म्हणजे सगळ्यात चांगले तीन-चार तास घरातच गेले आणि आता डोक्यावर जे ऊन आहे ते आपल्याकडच्यासारखं भाजत नाही पण चामडी सोलून काढतं, हवा गार असली तरी. टोपी आणि सनस्क्रीन हे इथे नखरे नाहीत. साडीचा पदर डोक्यावर घेतला तरी चालेल पण काहीतरी घ्याच.

म्हणून माझा प्लॅन उन्हाप्रमाणे चालतो. सकाळी चालायचं, भर दुपारी छपराखाली बसायचं, उन्हं कलली की बोटीत.

सकाळी सात-साडेसातला सिटी बोटॅनिक गार्डन्समधे पोचा. शहराच्या मधोमध, नदीच्या वळणावर, तिकीट नाही. ब्रिस्बेन मुळात कैद्यांची वसाहत होती, १८२५ मधे ती इथे हलवली, आणि या बागेच्या जागेवर तेव्हा कैद्यांची शेती होती, म्हणजे आज जिथे लोक योगा मॅट टाकून बसतात तिथे कोणीतरी बेड्यांत मका लावत होतं. बागेत वॉटर ड्रॅगन म्हणून हातभर लांबीचे सरडे पायवाटेवर ऐटीत ऊन खात बसतात, काही करत नाहीत, पण आमच्याकडे आलेली प्रत्येक मावशी एकदा तरी किंचाळलीय. आणि ते लांब वाकड्या काळ्या चोचीचे पांढरे पक्षी, आयबिस, त्यांच्यासमोर सँडविच सोडायचं नाही, हातातलं नेतात.

बागेतून पुढे दोन रस्ते आहेत आणि इथे गुडघ्यांचा विचार करायचा. गुडघे धड असतील तर डिसेंबर २०२४ मधे उघडलेल्या कांगारू पॉइंटच्या नव्या पादचारी पुलावरून पलीकडे जा, मग कड्यांच्या वरच्या अंगाने चालत राहा. हे कडे ज्वालामुखीच्या राखेच्या दगडाचे आहेत, कैद्यांकडून इथला दगड काढून घेऊन शहरातल्या सुरवातीच्या इमारती बांधल्या. वरून नदीचं वळण, समोर सगळे टॉवर, खाली दोरखंड लावून कडा चढणारी पोरं. 'डोंगरावर जाऊन फोटो' काढायचा तो इथूनच काढा, शहर जवळ दिसतं, माउंट कूट-था डोंगरावरून सगळं काड्यापेट्यांएवढं दिसतं आणि जायला-यायला तास-दीड तास जातो. मग जिन्याने खाली उतरून नदीकाठाने साउथ बँकला. पण हा जिना बराच आहे. गुडघेदुखीवाल्यांनी हा रस्ता सोडा आणि बागेच्या दुसऱ्या टोकाच्या गुडविल ब्रिजवरून सरळ साउथ बँकला जा, सपाट पूल आहे, गाड्या नाहीत, मधे कॉफीचा स्टॉलसुद्धा आहे. कडे या पुलावरूनही दिसतात. बाबांना 'तुम्हाला झेपणार नाही' असं म्हणायचं नाही, 'पुलावर कॉफी छान मिळते' म्हणायचं.

साउथ बँकवर मात्र थांबा. १९८८ साली इथे सहा महिने वर्ल्ड एक्स्पो भरलं होतं. ते संपल्यावर ही नदीकाठची जागा बिल्डर लोकांना देऊन टाकायचा बेत होता, लोकांनी आरडाओरडा केला, आणि शेवटी १९९२ मधे तिथे सार्वजनिक बाग उघडली. आपल्याकडे नदीकाठच्या जागेचं काय होतं ते मी सांगायला नको. एक्स्पोमधला नेपाळचा लाकडी पॅगोडा लोकांनी सह्या गोळा करून, वर्गणी काढून इथेच ठेवून घेतला, त्याचे खांब, तुळया, खिडक्या सगळं हाताने कोरलेलं आहे, आमचे सासरे पैठणीच्या दुकानात बसत नाहीत एवढा वेळ तिथे एकेक खांब बघत बसले होते. जवळच बोगनवेलीने झाकलेली लांबच लांब कमानींची वाट आहे, सावलीतून चालता येतं. आणि एक खोटा समुद्रकिनारा आहे, खरी वाळू, निळं पाणी, लाइफगार्ड. लोक विचारतात नदी शेजारी असताना हा कशाला? कारण नदीचं पाणी गाळामुळे कायम चहाच्या रंगाचं आणि त्यात बुल शार्क आहेत, थट्टा नाही, खरंच आहेत. समुद्राची भरती-ओहोटी इथपर्यंत येते, सोबत तेही येतात.

जेवणाचं सांगते. साउथ बँकला हॉटेलं चिकार आहेत पण चार माणसांचं बिल बघून ज्येष्ठ मंडळी मनातल्या मनात त्याचे रुपये करतात आणि मग जेवण अंगी लागत नाही. इथल्या बहुतेक बागांत सार्वजनिक बार्बेक्यू असतात, विजेवर चालणारे, फुकट. स्टीलची मोठी सपाट प्लेट, बटण दाबलं की तापायला लागते, थोड्या वेळाने आपोआप बंद होते, मग परत दाबायचं. आता त्यावर आधीच्या माणसाने सॉसेज भाजलेले असणार हे उघड आहे. त्यावर सासूबाईंनी शोधलेला उपाय असा की सोबत ॲल्युमिनियम फॉइलचा रोल न्यायचा, दुपदरी अंथरायचा, चारी कडा दाबायच्या आणि त्यावर घरून नेलेली थालीपीठं तेल सोडून गरम करायची. लोण्याचा डबा, लसणाची चटणी. शेजारच्या टेबलावरची गोरी आजी वास घेत येतेच, तिला एक द्यायचं. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका, नळ जागोजागी आहेत, पाणी चांगलं आहे.

साडेबारा ते तीन घराबाहेर उन्हात राहायचं नाही. साउथ बँकला लागूनच क्वीन्सलंड म्युझियम, आर्ट गॅलरी, २००६ साली उघडलेली मॉडर्न आर्टची गॅलरी म्हणजे गोमा, आणि स्टेट लायब्ररी अशी रांगच आहे, सगळीकडे एसी आणि एखादं खास प्रदर्शन सोडलं तर प्रवेश फुकट. सगळं बघायला जाऊ नका. नातवंडं सोबत असतील तर म्युझियममधला मुट्टाबरासॉरस, हा क्वीन्सलंडमधेच सापडलेला डायनोसॉर आहे, आणि मोठ्यांसाठी गोमा. १९९३ पासून आधी आर्ट गॅलरीत आणि आता गोमातही दर तीन वर्षांनी आशिया-पॅसिफिकच्या कलाकारांचं मोठं प्रदर्शन भरतं. ज्यांना यातलं काहीच नको त्यांना लायब्ररीत नदीकडे तोंड करून खुर्च्या आहेत, वामकुक्षी होते. कोणी उठवत नाही.

क्रिकेटवाल्या घरात आता कुरकुर सुरू होते की गाबा कुठाय. साउथ बँकहून बसने दहाएक मिनिटांवर. १९ जानेवारी २०२१, ३२८ चा पाठलाग, अजिंक्य रहाणे कॅप्टन, निम्मी टीम जखमी, पंत ८९ नाबाद, आणि आपल्या पालघरच्या शार्दूलचे पहिल्या डावातले ६७ आणि मॅचमधल्या सात विकेटा. १९८८ पासून त्या ग्राउंडवर ऑस्ट्रेलिया टेस्ट हरलेलं नव्हतं. बाहेरून बघायला ते एक गोल काँक्रीटचं स्टेडियम आहे, वेगळं काही नाही, पण आमच्या बाबांनी गेटसमोर हात जोडले. ऑलिम्पिकनंतर ते पाडायचं ठरवलंय सरकारने, तेव्हा ज्यांना फोटो हवाय त्यांनी काढून घ्या. बाकीच्यांनी हा तास वाचवा.

तीन-साडेतीनला साउथ बँकच्या धक्क्यावरून हॅमिल्टनच्या दिशेची सिटीकॅट पकडा आणि पुढच्या डेकवर जागा धरा. दिवसाचा खरा भाग हा. सकाळी पायी बघितलेली बाग आणि कडे आता पाण्यावरून दिसतात, मग वळण घेतलं की स्टोरी ब्रिज. १९४० साली उघडला, मंदीच्या काळात लोकांना काम मिळावं म्हणूनही बांधायला घेतलेला. डिझाइन जॉन ब्रॅडफिल्डचं, सिडनीच्या हार्बर ब्रिजवाला तोच. पुलाखालून बोट जाते तेव्हा वरच्या गाड्यांची धडधड ऐकू येते. त्याच्या पुढे डाव्या काठाला पाण्यातून जाणारी पायवाट दिसेल, न्यू फार्म रिव्हरवॉक. २०११ च्या आधी ही पायवाट पाण्यावर तरंगती होती. त्या जानेवारीत पूर आला, नदी ४.४६ मीटरवर गेली, आणि त्या पायवाटेचा अख्खा तुकडा सुटून नदीतून समुद्राकडे निघाला, एका टगबोटवाल्याने तो ढकलत, वळवत गेटवे ब्रिजच्या खांबांमधून सुखरूप बाहेर काढला. २०१४ मधे परत बांधली ती खांबांवर, तरंगती नाही. बोटींचे बरेच धक्केही तेव्हा गेले. नवीन धक्क्यांवर चढताना नीट बघा, काठापासून बोटीपर्यंतचा जो पूल आहे तो मोठ्या पुरात एका टोकाने सुटून प्रवाहाबरोबर वळेल असा केलाय, म्हणजे वाहत येणारे ओंडके त्याला अडकून बसत नाहीत. २०२२ मधे पुन्हा पूर आला, ३.८५ मीटर. आयर्विन पुलाखालची पाण्याची पातळी दर तासाला फोनवर बघत २०१९ चा ऑगस्ट काढलेल्या आम्हा सांगलीकरांना हे सगळं बघताना बरंच काही मनात येतं. कृष्णाकाठच्या कोणी नगरसेवकाने अभ्यास दौऱ्यावर यायचं असेल तर हे धक्के बघायला या, गोल्ड कोस्टचा बीच बघायला नको.

पुढे न्यू फार्म पार्क. ऑक्टोबर-नोव्हेंबरमधे आलात तर इथे उतराच, जॅकरंडा फुललेला असतो आणि झाडाखालची जमीनही जांभळी. पार्कच्या कडेला १९२८ चं जुनं वीजकेंद्र आहे, ट्रामसाठी वीज तयार करायचे, आता तिथे नाटक, कॉमेडी, गाणी चालतात. मग टेनेरिफच्या लाल विटांच्या लोकरीच्या वखारी, आता त्यात महागडे फ्लॅट, आणि शेवटी हॅमिल्टन. शुक्रवार ते रविवार संध्याकाळी तिथे कंटेनरांमधे खाऊगल्ली भरते, आत जायला थोडं तिकीट आहे, गर्दी आणि गाण्यांचा दणदणाट, तरुणांना आवडतं, ज्येष्ठांना अर्ध्या तासात पुरे होतं. परतीची बोट अंधार पडल्यावरची घ्या, पुलावर दिवे लागलेले असतात. मे-जूनमधे गार वारा लागतो, स्वेटर ठेवा.

राहिला कोआला. लोन पाइन हे १९२७ पासूनचं कोआलांचं जगातलं पहिलं अभयारण्य, खरंच छान आहे, पण शहराच्या मध्यापासून लांब आहे, अर्धा दिवस खातं. कोआला हवाच असेल तर सकाळ त्याला द्या आणि दुपारपासून नदी धरा, सकाळची बाग आणि कडे मात्र सोडून द्या. दोन्ही अर्धं अर्धं करू नका. आणि तुमच्या लेखातलं 'कोआलाला कडेवर घ्या' हे लोन पाइनमधे जुलै २०२४ पासून बंद आहे, जवळ उभं राहून बघता येतं, कडेवर नाही. कोआला दिवसातले अठरा-वीस तास झोपतो, त्याला कशाला उचलायचं. गोल्ड कोस्टला जायचं तर दुसऱ्या दिवशी जा, ट्रेन आणि पुढे ट्राम, तीही पन्नास सेंटात, दीड-दोन तास एका बाजूला. त्याच संध्याकाळी मुक्काम हलवायची घाई कशासाठी ते मला अजून कळलेलं नाही.

पुरवणीत या मालिकेचा पुढचा भाग येणार असं लिहिलंय, तेव्हा एवढं करा, प्रत्येक शहराच्या चौकटीत सूर्य कधी उगवतो-मावळतो, दुकानं कधी बंद होतात आणि गावातलं साधं तिकीट किती, या तीन ओळी द्या. हॉटेलांची नावं कमी केली तरी चालतील, ती मुलं बघतात. आणि अजून एक, लेखासोबत 'ब्रिस्बेनचा स्टोरी ब्रिज' म्हणून जो मोठा रंगीत फोटो छापलाय तो सिडनीचा हार्बर ब्रिज आहे. ब्रॅडफिल्डचं नाव दोन्हीकडे असलं तरी सिडनीचा पूल एका मोठ्या कमानीचा आणि ब्रिस्बेनचा दोन शिखरांचा. सासूबाईंनी तो फोटो डीपी म्हणून लावलाय, तेवढी दुरुस्ती लवकर छापा.

आपली,
एक वाचक, ब्रिस्बेन (मूळ सांगली)